नाक्यावरचा फ्लेक्स

आमच्या शाळेत कोणाला काही द्यायचं असलं तर मी देत नाही, काम सांगते. वर्गाच्या दारात उभी राहते, बाईंना म्हणते अमक्याला जरा पाठवा, आणि पोर बाहेर आलं की त्याला सांगते, जा रे, वरच्या स्टोअररूममधून खडूचा खोका घेऊन ये. खोक्याच्या शेजारी डबा उघडून ठेवलेला असतो. थोड्या वेळानं पोर खोका घेऊन येतं, तोंड बाहीनं पुसलेलं असतं. मी खोका घेते. ते काही बोलत नाही, मी काही बोलत नाही. असं केलं नाही तर पोरं घेत नाहीत. लालबाग-परळची पोरं आहेत ही, उपाशी राहतील पण वर्गासमोर डबा घेणार नाहीत. एकदा एका नव्या बाईंनी चांगल्या मनानं एका पोराला भरवर्गात चपला दिल्या, तर मेल्यानं त्या जिन्याखाली टाकल्या आणि अनवाणी घरी गेला.

मी शाळेतली मावशी. घंटा द्यायची, वर्ग झाडायचे, कोणाच्या पोटात दुखलं, कोणाला उलटी झाली, कोणाच्या फ्रॉकला डाग पडला, की सगळ्या बाई एका सुरात ओरडतात, मावशी! शाळा मराठी माध्यमाची, म्हणजे दरवर्षी एक तुकडी कमी होणारी. स्टोअररूममध्ये माझं एक कपाट आहे. दहावीची पोरं शाळा सोडतात तेव्हा त्यांचे युनिफॉर्म मी मागून घेते, धुऊन ठेवते. पोरींसाठी पॅड असतात, टॉवेल असतात, साबण असतो. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, कपाटाकडे बघतात आणि दुसरीकडे बघतात. तेवढ्या शहाण्या आहेत. माझं तोंड फाटकं आहे हे त्यांनाही माहीत आहे, त्यामुळे त्या कपाटाचा विषय काढत नाहीत.

ती पोरगी दहावीत होती. उंच, हसरी, दोन वेण्या घट्ट बांधलेल्या. दिवाळीची सुट्टी संपली आणि मला तिचं दप्तर खटकायला लागलं. येताना हलकं, जाताना जड. दहावीचं पोर शाळेतून जाताना जड होऊन जातं ते डोक्यानं जावं, खांद्यानं कशाला? एक दिवस जिन्यात तिच्या दप्तराचा पट्टा तुटला आणि आतून बाटल्या गडगडत खाली आल्या. पाण्याच्या. शाळेच्या कूलरमधून भरलेल्या. ती खाली बसून बाटल्या गोळा करत होती आणि मान वर करत नव्हती. मीही काही विचारलं नाही. पट्टा शिवून दिला आणि म्हटलं, उद्यापासून लवकर येत जा गं, गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालायला कोण नाही मला.

त्यांच्या चाळीचं पाणी तोडलं होतं. चाळ पडणार, टॉवर होणार, बहुतेक बिऱ्हाडं भाड्याच्या खोल्या बघून गेली होती. ह्यांची खोली वडिलांच्या चुलत्याच्या नावावर, चुलता मेलेला, त्यामुळे बिल्डर ह्यांचं नाव कुठंच धरत नव्हता. खाली पत्रे ठोकलेले, जिन्यातला दिवा गेलेला, त्या अख्ख्या माळ्यावर हे एकच कुटुंब. वडील शिवडीच्या गोडाऊनमध्ये माल चढवायचे, तिथं मणका सरकला आणि घरी बसले. आई दुसऱ्या एका टॉवरमध्ये दोन घरी स्वयंपाक करते. तिथं तिसाव्या मजल्यावर चोवीस तास पाणी. पण कामवाल्या बायकांच्या पिशव्या खाली गेटवर तपासतात, बाटलीभर पाणी आणायची पण चोरी.

तर ही पोरगी सकाळी शाळा भरायच्या आधी यायची, मी शिक्षकांच्या बाथरूमची किल्ली द्यायची, ती आंघोळ करायची, आणि मग खरंच गच्चीवर जाऊन कुंड्यांना पाणी घालायची. मी नको म्हटलं तरी घालायची. खिचडीचं पण तेच. शाळेत खिचडी मिळते ती आठवीपर्यंत. नववीत गेल्यावर पोराला भूक लागत नाही असं सरकारचं मत आहे. मी तिला सांगितलं, बारक्या पोरांना वाढायला हात कमी पडतात, मधल्या सुट्टीत येत जा. जो वाढतो तो शेवटी जेवतो, हा नियमच आहे, त्यात कोणाचा काय संबंध? ती जेवायची. सुरुवातीला भराभर, मग हळूहळू. अंगावर थोडं मांस आलं. गणिताच्या बाई मला म्हणाल्या, ही पोरगी ह्या वर्षी चांगली निघेल हो. मला इतका आनंद झाला की मी त्यांना उगाच दुसरा चहा नेऊन दिला.

आता तिच्या वडिलांबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. हा माणूस मंडळाचा. आमच्याकडे मंडळ म्हटलं की गणपतीचं, आणि गणपतीचं म्हटलं की वर्षभराचं. मंडपाचा पहिला बांबू उभा करण्यापासून विसर्जनाला दोर धरण्यापर्यंत सगळीकडे हे पुढे. सगळी पोरं त्यांना दादा म्हणायची. दर वर्षी जूनमध्ये मंडळ गरीब मुलांना वह्या वाटायचं, तेव्हा माइक ह्यांच्या हातात. मी शाळेची पोरं घेऊन जायची आणि हे खणखणीत आवाजात नावं पुकारायचे. दुसऱ्या दिवशी नाक्यावर फ्लेक्स लागायचा. वरती साहेबांचा, म्हणजे आमच्या भागातल्या पुढाऱ्याचा, हा एवढा मोठा चेहरा, बाजूला कार्यकर्त्यांचे टिकलीएवढे फोटो, त्यात दादा गॉगल लावून. आणि खाली वह्या घेतलेली पोरं. माणूस आयुष्यभर त्या फ्लेक्सच्या वरच्या रांगेत राहिला होता.

जानेवारीत साहेबांचा वाढदिवस येणार होता. मंडळाकडून शाळेत निरोप आला की दहावीच्या गरजू मुलांना दप्तर, पुस्तकं आणि कंपासपेटी देणार आहोत, मुलं पाठवा. मोठ्या बाईंनी पोरं पाठवली, त्यात ही. मी त्या दिवशी रजेवर होते, भाचीचं लग्न होतं. असते तर मी तिला त्या स्टेजवर चढू दिलं नसतं. तिचं तरी काय, दप्तराचा पट्टा शिवलेला, नवं दप्तर मिळतंय म्हटल्यावर आनंदानं गेली. वडील पाठीमुळे महिनोन्‌महिने खाली उतरत नव्हते, मंडळात कोण आलं कोण गेलं त्यांना माहीत नाही. आणि मंडळात आता नवी पोरं. त्यांनी फोटो काढला. उंच म्हणून हिला मधोमध उभी केली.

फ्लेक्स लागला. गरजू विद्यार्थ्यांना शैक्षणिक साहित्य वाटप. साहेब वर हसतायत आणि त्यांच्या बरोबर खाली दादांची पोरगी दप्तर छातीशी धरून हसतेय. आमच्या शिपाईकाकांनी मला सकाळी गेटवरच सांगितलं. मी तशीच हातात झाडू घेऊन नाक्यावर गेले. बघितलं आणि तिथूनच मंडळाच्या ऑफिसकडे वळले.

मंडळाचा अध्यक्ष आमच्याच शाळेतून गेलेला. ह्याचा शेंबूड मी पुसलाय. तो मंडळाच्या ऑफिसात मोबाईल बघत बसला होता. मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहिता येणार नाही. शिरा पडो तुझ्या तोंडार, हे त्यातल्या त्यात सभ्य होतं. त्याला आधी कळेचना. मग मी विचारलं, ही कोणाची पोरगी आहे माहीत आहे का तुला? त्यानं फोटो नीट बघितला आणि त्याचा चेहरा उतरला. खरंच उतरला, मी खोटं नाही बोलणार. दादांनी ह्याला खांद्यावर बसवून विसर्जन दाखवलेलं. पण फ्लेक्स कसा काढणार? साहेबांचा चेहरा आहे त्याच्यावर, वाढदिवसाच्या आत उतरवला तर साहेबांची माणसं ह्याला उतरवतील. तो म्हणाला, मावशी, दादांचा मान आहे आम्हाला. मी करतो काहीतरी, तुम्ही जा शाळेत.

आणि त्यानं केलं. दुपारी एका पोराला शिडी देऊन वर चढवलं आणि ब्लेडनं तिचा चेहरा कापून काढला.

फक्त चेहरा. वेण्या तशाच, खांदे तसेच, दप्तर छातीशी तसंच. आणि मानेवर चौकोनी भोक. त्यातून मागच्या मसाल्याच्या दुकानाची पाटी दिसायची. शाळा सुटल्यावर मी ते बघितलं आणि मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. अरे, तोवर त्या फ्लेक्सकडे कोण बघत होतं? नाक्यावर डझनभर फ्लेक्स असतात, लोक खालून जातात. आता जो तो थांबून वर बघत होता. मिरच्या कुटून न्यायला आलेल्या बायका, चिवडा घ्यायला आलेली माणसं, सगळी विचारत होती, ही कोण होती? कापली का? पळून बिळून गेली का कोणाबरोबर? आणि नाक्यावर सांगणारे काय कमी आहेत? संध्याकाळपर्यंत अख्ख्या लालबागला कळलं की दादांची पोरगी गरजूंमध्ये उभी होती. मला त्या अध्यक्षाची कीव पण येत होती आणि त्याला त्याच शिडीला बांधून बडवावंसं पण वाटत होतं. त्यानं मान राखला होता. त्याच्या परीनं त्यानं मानच राखला होता.

दुसऱ्या दिवशी पोरगी शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी तिची आई आली, पिशवी घेऊन. स्टोअररूमच्या दारात उभी राहून तिनं एकेक वस्तू काढून दिली. माझ्या कपाटातले दोन युनिफॉर्म, टॉवेल, डबा, मंडळाचं ते दप्तर सुद्धा. युनिफॉर्म धुतलेले होते. इस्त्री केलेले होते. ज्या घरात प्यायला पाणी नाही त्या घरानं युनिफॉर्म धुऊन परत केले, सांगा मला, मी काय करायचं? मी ते हातात घेऊन उभी राहिले. ती म्हणाली, ह्यांनी सांगितलंय, काही ठेवू नको. पोरीला हिंदमाताला साडीच्या दुकानात लावलंय. शाळा आता नाही.

मी मोठ्या बाईंना सांगितलं. त्यांनी फोन केला, तो उचलला नाही. चिठ्ठी पाठवली, ती परत आली. मग त्या मला म्हणाल्या, मावशी, तुम्हीच जा.

मी गेले. पत्र्यातून वाकून आत शिरले, मोबाईलच्या उजेडात जिना चढले. दादा खिडकीशी गोधडीवर पडले होते. खिडकीतून नाका सरळ दिसतो हे मला तिथं गेल्यावर कळलं. म्हणजे रोज सकाळी डोळे उघडले की समोर ते. मी पाणी मागितलं नाही, घरात नसणार माहीत होतं, पण त्यांनी मानेनंच बायकोला खूण केली आणि तिनं मला अर्धा पेला आणून दिला. मी तो प्यायले. प्यायले नसते तर त्यांनी मला तिथं बसू दिलं नसतं.

मी हळू बोलायचं ठरवून गेले होते. म्हटलं, परीक्षा तोंडावर आलीय, फॉर्म भरलाय, पोरगी हुशार आहे, शाळेत नको तर नको येऊ दे पण पेपर तरी देऊ दे. ते ऐकून घेत होते. मग म्हटलं, दादा, लोक चार दिवस बोलतात आणि विसरतात. त्यावर ते पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले.

"मावशी, काम गेलं, पाणी गेलं, ही खोली उद्या जाईल. तोंड तेवढं होतं नाक्यावर जायला. ते आमच्याच पोरांनी कापून नेलं."

हळू बोलायचं ठरवलेलं तिथंच राहिलं. मी ओरडले. म्हटलं, तुमचं तोंड सांभाळायला त्या पोरीचं आयुष्य घालवा, साड्यांच्या घड्या घालू दे तिला जन्मभर! आणि इतकी वर्षं तुम्ही माइकवर नावं पुकारत होतात, ती पण कोणाची तरी पोरं होती ना? तेव्हा त्यांच्या बापांचं काय होत होतं, विचारलंत कधी?

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. पाठ दुखत असताना कुशीवर वळायला माणसाला किती वेळ लागतो ते मी बघत उभी होते. खाली आले आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून रडले. बोलले ते खोटं नव्हतं, पण त्या माणसाला ते बोलायची गरज नव्हती. आणि त्यानं पोरगी काही शाळेत येणार नव्हती.

हॉलतिकिटं आली. सगळी पोरं घेऊन गेली, हिचं एकटीचं राहिलं. त्यावर तिचा शाळेत काढलेला फोटो, दोन वेण्यांचा. मोठ्या बाईंनी ते माझ्याकडे दिलं. मी टॉवरच्या गेटबाहेर तिच्या आईची वाट बघत उभी राहिले. ती बाहेर आली, हॉलतिकीट बघितलं, इकडेतिकडे बघून पिशवीत तळाशी घातलं. म्हणाली, पोरगी रोज दुकानातून येऊन अभ्यास करते, ह्यांना दाखवत नाही. शेटला विचारून ठेवलंय, पेपरच्या दिवशी दुपारनंतर गेली तरी चालेल. ह्यांना वाटेल दुकानात गेली. माझा जीव भांड्यात पडला. मी लगेच म्हटलं, मी पहिल्या दिवशी सेंटरवर येते, डबा आणते, सगळ्याच पोरांसाठी येते मी दर वर्षी. तिनं माझा हात धरला.

"नका येऊ, मावशी. तुम्ही जिथं दिसता तिथं लोकांना कळतं की इथं कोणाला तरी काहीतरी पाहिजे. तिनंच सांगितलंय, मावशींना म्हणावं काही आणू नका."

घरी येईपर्यंत मला ते नीट लागलंच नाही. रात्री भाकरी थापताना लागलं. इतकी वर्षं मी समजत होते की माझं कोणाला कळत नाही. मी काम सांगते, पोरं खोका आणतात, झालं. सगळ्यांना सगळं कळत होतं. ह्या पोरीला तर कायमच कळत होतं, आणि तरी ती माझ्यासाठी कुंड्यांना पाणी घालत होती.

पहिल्या पेपरच्या दिवशी मी गेले. डबा नेला नाही, साधी साडी नेसले, आणि सेंटरच्या समोर रस्त्यापलीकडे उसाच्या रसाच्या गाडीमागे उभी राहिले. आमच्या बाकीच्या पोरांनाही भेटले नाही. फ्लेक्स अजून नाक्यावरच होता. वाढदिवस होऊन गेला होता, आता त्यावर होळीच्या शुभेच्छांचा कागद चिकटवला होता, साहेबांच्या हनुवटीखाली. भोक तसंच. तिला त्याच्याच खालून यायचं होतं.

ती आली. मी तिला चालीवरून ओळखलं, कारण चेहरा दिसतच नव्हता. ओढणी डोक्यावरून घेऊन तोंडाभोवती घट्ट बांधलेली, नुसते डोळे उघडे, स्कूटरवरच्या पोरी बांधतात तशी. सगळ्या लालबागमधून ती तशी आली होती. गेटवर शिपाई प्रत्येकाचं हॉलतिकीट बघून फोटो जुळवून आत सोडत होता. तिचा नंबर आला. तो तिला काहीतरी म्हणाला आणि स्वतःच्या तोंडाकडे बोट करून दाखवलं.

ती तशीच उभी राहिली. मागची पोरं पुढे घुसायला लागली. तो पुन्हा म्हणाला. तिनं ओढणीच्या गाठीवर हात ठेवला आणि हात तिथंच राहिला. पोरांचे आईबाप गेटजवळ गर्दी करून उभे होते, अर्धे लालबागचे. आत घंटा झाली. माझा एक पाय फुटपाथवरून खाली उतरला होता. आयुष्यात मी असल्या वेळी थांबलेली नाही. जाऊन त्या शिपायाला शिव्या घालायच्या, पोरांना बाजूला करायचं, तिला कवेत घेऊन आत सोडायचं, एवढं मला येतं. दुसरं मला काही येतच नाही.

तेवढ्यात तिनं मागे वळून सगळ्यांवरून नजर फिरवली, कोण कोण बघतंय ते बघायला. आणि मी तिला दिसले.

मी पाठ फिरवली. रसवाल्याच्या यंत्राकडे बघत उभी राहिले. तो विचारत होता, मावशी, देऊ का एक, आणि मला त्याला धड हो म्हणता येईना, धड नाही म्हणता येईना. आत दुसरी घंटा झाली. मी मनात म्हणत होते, उघड गं बाय, एकदाच उघड, मी बघत नाही. कोणी नाही बघत.

वळले तेव्हा गेट बंद होत होतं आणि ती तिथं नव्हती. आत गेली का परत फिरली ते कळायला मार्ग नव्हता. मी रस्ता ओलांडून गेले आणि त्या शिपायाला विचारलं, भाऊ, ती तोंड बांधलेली उंच पोरगी, तिचं काय झालं? तो म्हणाला, गेली आत. मग गेटला कडी घालता घालता म्हणाला, काय हो पोरगी! तोंड उघड म्हटलं तर म्हणते कशी, काका, तुम्ही एकटेच बघा. शेवटी मी तिच्यापुढे आडवा उभा राहिलो, तेव्हा कुठं सोडली तिनं ओढणी.

पेपर सुटेपर्यंत मी थांबले नाही. बाहेर येताना तिला मी परत दिसायला नको होते.